अठरा नंबर हजर

१

साथ आली आणि यांना इस्पितळातून बोलावणं आलं, त्या सकाळी मी नेम धरला. साथ सरेपर्यंत खोटं बोलायचं नाही. उपासतापास मी पुष्कळ केलेत. पोटाचा उपास सोपा, भूक स्वतःच आठवण करून देते. जिभेचा उपास अवघड. समोरच्या गॅलरीतून शेजारीण "कशी आहेस?" म्हणून विचारते आणि "मजेत" म्हणायची सोय राहत नाही.

हे लिफ्टची कामं करतात. इस्पितळाला सात लिफ्ट, आणि त्या दिवसांत त्यातली एकही बंद पडून चालणार नव्हतं. संध्याकाळी हे मागच्या दाराने यायचे, अंघोळ करायचे आणि बाहेरच्या खोलीत एकटेच जेवायचे. आमचं बोलणं बंद दारातून. सासूबाईंना ते सगळं थोतांड वाटायचं.

"भाजी धुतलीस, पिशवी धुतलीस, किल्ल्या धुतल्यास," त्या म्हणायच्या. "आता नवऱ्यालाही एकदा पिळून दोरीवर घाल."

मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. घरात तिला मुंगी म्हणतात. लहान चणीची, आणि मुंगीसारखीच सारखी काहीतरी ओढून आणणारी: दगड, पिसं, वर्गातली भांडणं, कुणाच्या तरी मावशीच्या मांजराची गोष्ट. दार उघडायच्या आत तिचं बोलणं घरात शिरलेलं असायचं. शाळा बंद झाली तेव्हा मी मनात म्हटलं, आता हे तोंड दिवसभर घरात, माझं काही खरं नाही.

तसं झालं असतं तर किती बरं झालं असतं.

२

शाळा फोनवर आली. आतल्या खोलीत कपाट आणि खिडकी यांच्यामधल्या जागेत घडीचं टेबल मांडलं, फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला. बरोबर आठ वाजता बाई हजेरी घ्यायच्या. नेट अडकतं म्हणून सगळ्यांचे कॅमेरे बंद. पडद्यावर नुसत्या काळ्या चौकटी आणि त्यांत आकडे. मुंगीचा नंबर अठरा.

पहिल्या दिवशी मुंगी वेणी घालून, गणवेश चढवून बसली. बाई म्हणाल्या, "अठरा?"

"हजर, बाई!"

"अठरा?"

"हजर! बाई, हजर!"

ती सहा वेळा म्हणाली. शेवटच्या वेळी तर खुर्चीवर उभी राहून. माइकचं बटण बंद होतं. मला तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं. बाई म्हणाल्या, "अठरा गैरहजर," आणि एकोणिसावर गेल्या.

"अगं, ते बटण दाबायचं राहिलं," मी नंतर म्हटलं.

"मी म्हटलं होतं, आई."

"हो गं राणी, पण त्यांना ऐकू..."

"मी म्हटलं होतं. मी असून कुणाला कळलंच नाही."

दुसऱ्या दिवशी मी बटण दाबून दिलं. मुंगी फोनकडे बघत बसली. बोलली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. समजावलं, रागे भरले, लाडू देऊ केला. ती मान खाली घालून वहीच्या समासात बारीक बारीक रेघा ओढत राहायची. बाईंच्या पटावर गैरहजेरीची एक लाल खूण, मग दुसरी. आठवड्याअखेर बाईंचा निरोप आला: ज्यांची हजेरी कमी भरेल त्यांना याच वर्गात पुन्हा बसावं लागेल.

हे दारापलीकडून म्हणाले, "वर्ष गेलं तर ती कायमची मिटेल बघ. मैत्रिणी पुढे जाणार, ही मागे. काहीही कर, पण वर्ष वाचव."

३

सोमवारी मुंगी उठलीच नाही. ताप नव्हता, काही नव्हतं. भिंतीकडे तोंड करून पडली होती. आठ वाजले. बाई सोळावर आल्या, सतरावर आल्या.

"अठरा?"

मी बटण दाबलं, गळा आवळून आवाज बारीक केला आणि म्हटलं, "हजर, बाई."

"शाब्बास, अठरा. आवाज आला बरं का तुझा!"

बाईंना इतका आनंद झाला की माझे कान तापले. मग मी स्वतःची समजूत घातली. खोटं काय बोलले? 'मी मुंगी आहे' असं म्हटलं का? 'मी आले' म्हणावं तर बोलणारी बाई की पुरुष, ते तरी कळतं. 'हजर' या शब्दाला बाई नाही, पुरुष नाही, लहान नाही, थोर नाही. हजर तर मी होतेच. मुंगीही घरात हजरच होती. जिभेने नेम मोडला नाही, असं मी देवापुढे बसून सांगितलं. देव काही बोलला नाही. त्याचं मौन मी होकारात धरलं.

त्यानंतर रोज. मुंगी शेजारी बसलेली असायची, तरी मीच. सुरुवातीला ती चमकून माझ्याकडे बघायची. पुढे बघेनाशी झाली. नऊ दिवस मी अठरा नंबर होते.

४

दहाव्या दिवशी दूध उतू गेलं. गॅस बंद करून, हात पुसत मी आतल्या खोलीच्या दारात पोचते न पोचते तोच बाई म्हणाल्या, "अठरा?"

"हजर, बाई."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, फुटली एकदाची वाचा. पळत जाऊन मुंगीच्या पाठीवर हात ठेवला. ती रेघा ओढत होती. टेबलावर फोन होता, माइकच्या चित्रावर लाल काट तशीच होती. बटण कुणी दाबलंच नव्हतं.

"तू बोललीस ना गं आत्ता?"

मुंगीने मान हलवली. नाही.

संध्याकाळी यांना विचारलं. यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचं कारण असतं. यंत्राच्या माणसाला ते लागतंच.

"नेट अडकलं की आवाज मागे राहतो आणि मग एकदम सुटतो," हे म्हणाले. "तुझा कालचाच आवाज असेल."

"काल म्हटलेलं आज पोचेल?"

"आमच्या लिफ्टचं नाही का? तिसऱ्या मजल्यावर बटण दाबून माणूस जिन्याने निघून जातो. लिफ्ट आपली मागाहून येते, दार उघडते, कुणीच नसतं."

पटलं. पटवून घेतलं म्हणा. अकराव्या दिवशी मी मुद्दाम गप्प बसले, बटणाला हात लावला नाही. बाई म्हणाल्या, "अठरा?"

मी दोन्ही हात मांडीवर दाबून धरले.

"हजर, बाई."

तो माझाच आवाज होता, गळा आवळून काढलेला, लहान मुलीचा म्हणून मी बनवलेला. पण मी काढायची तेव्हा त्यात थोडी भीती असायची. यात नव्हती.

५

माणसाला आशा फार असते. मी तर आशेच्या बाबतीत हावरीच. म्हटलं, कुणा वात्रट पोराचं काम असेल, दुसऱ्याच्या नंबरावर ओरडतंय. बाईंना कळेल, बाई रागावतील. बाई रागावल्या नाहीत. उलट पुढच्या आठवड्यात अठरा नंबर पाढे म्हणू लागली. मग धडा वाचू लागली, न अडखळता. बाई विचारायच्या, "या शब्दाचा अर्थ कोण सांगेल?" आणि पहिला आवाज आमच्या फोनमधून यायचा; आमचा माइक बंद असताना. सगळ्यांचे आवाज त्याच फोनमधून येत होते. त्यांतलाच हा एक, असं मी मनाला म्हणायची.

एका सकाळी सासूबाई स्वयंपाकघरात, आतल्या खोलीच्या दाराशी शेंगा सोलत बसल्या होत्या. फोनचा पडदा त्यांना दिसत नाही, दिसला तरी त्या बघत नाहीत. वर्ग संपल्यावर मी बाहेर आले तर म्हणाल्या, "काय गं, कपाटात रेडिओ ठेवलास का?"

"नाही, का?"

"बाईंचा आवाज टेबलाकडून येतो. मुलांचाही टेबलाकडून येतो. ती एक चुरुचुरु बोलणारी पोरगी आहे ना, पाढेवाली, तिचा तेवढा कपाटाकडून येतो."

"भिंतीवर आपटून येत असेल आवाज, आई."

"असेल बाई. एकीचाच आपटतो, बाकीच्यांचे सरळ येतात. हुशार दिसते भिंत." आणि त्यांनी शेंग फोडली.

त्या दिवसापासून मी कपाटातले कपडे खिडकीतल्या दोरीवरच ठेवू लागले. सोयीचं पडतं, म्हणून. कपाट उघडावं लागत नसे.

६

खरी काळजी कपाटाची नव्हती. मुंगीची होती.

ती आता घरातही बोलत नव्हती. सुरुवातीला हो-नाही तरी यायचं, मग नुसती मान. हाक मारली की तिला पोचायला वेळ लागायचा, जणू आमचीही हाक कुठे अडकत होती. जेवायला वाढताना दोनदा मी तीनच ताटं घेतली. एक यांचं, एक सासूबाईंचं, एक माझं. मुंगी समोर बसलेली, आणि माझ्या हातात तीनच. दुसऱ्यांदा सासूबाई ओरडल्या, "अगं, पोर काय वारा खाणार आहे?" मी कपाळावर हात मारून घेतला. मुंगी हसलीही नाही, रडलीही नाही. आपल्याला ताट नाही, यात तिला काही चुकलेलं दिसलंच नाही.

अशातच एके दुपारी बाईंचा फोन आला.

"मी मुद्दाम फोन केला," बाई म्हणाल्या. "सगळ्या पालकांच्या तक्रारीच ऐकते, म्हटलं एक चांगलं सांगावं. अठरा नंबरचं फार कौतुक वाटतं हो. किती धीट झालीये! काल तर म्हणाली, 'बाई, शाळा उघडली की मी सगळ्यांच्या आधी येणार.'"

मी मुंगीकडे पाहिलं. ती खिडकीच्या काचेवर श्वास सोडून बोटाने काहीतरी लिहू बघत होती. काचेवर वाफ धरत नव्हती. त्या दिवशी हवा गरम होती, त्यामुळे असेल.

"पुढच्या बुधवारी तोंडी परीक्षा," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी मात्र कॅमेरे चालू ठेवायचे. कधीची बघायचीये मला ती."

७

बुधवारपर्यंत मी दोन वेळचं जेवण सोडलं. देवाला एवढंच म्हटलं, वर्ष जाऊ दे, पोर राहू दे.

सकाळी मुंगीची वेणी घातली, तिला खुर्चीत बसवलं, मी तिच्या शेजारी स्टुलावर. आमच्या पाठीशी कपाट. फोनच्या कॅमेऱ्यावर मुंगीने केव्हातरी चिकटपट्टी लावली होती; बाईंनी "सगळ्यांनी कॅमेरे उघडा" म्हटल्यावर मी त्या पट्टीला नख लावलं. पट्टी जुनी झालेली, निघेना. आणि पट्टी तशीच असताना अठराची चौकट उघडली.

चौकटीत आमचीच खोली होती. टेबल, खिडकी, पिठाचा डबा. पण सगळं मागून दिसत होतं, कपाटाकडून. मला माझी पाठ दिसली, अंबाडा दिसला, फोनवर वाकलेली मान दिसली. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

मी उजवीकडे पाहिलं. मुंगी खुर्चीत होती. तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागलेला. पुन्हा चौकटीत पाहिलं. खुर्ची रिकामी. आणि चित्राच्या खालच्या कडेला, अगदी जवळ, एका मुलीच्या डोक्याचा वरचा भाग. सरळ पाडलेला भांग. बाकी काही नाही.

"वा, अठरा! तयार होऊन बसलीस?" बाई म्हणाल्या. "मागे आई दिसतायत. आईंनी जरा खोलीबाहेर व्हावं हं, परीक्षा आहे."

"आई जाते बाहेर," आवाज म्हणाला. माझ्या पाठीमागून. "जा ना, आई."

मी वळून पाहिलं नाही. आजही मला वाटतं, तेवढी बुद्धी देवाने दिली. मी मुंगीचा गुडघा धरला, दुसऱ्या हाताने माइकचं बटण दाबलं आणि माझ्या खऱ्या, जाड्या आवाजात बोलले.

"बाई, अठरा नंबर गैरहजर आहे."

"काय?"

"पहिल्या दिवसापासून गैरहजर लावा. ती कधी बोललीच नाही. नऊ दिवस तिच्या जागी मी बोलत होते, लबाडी केली. त्यानंतर कोण बोलतंय ते मला माहीत नाही."

एका चौकटीत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि थांबलं.

"अहो, असं काय बोलताय? समोर बसलीये ती. माझ्याकडेच बघतीये."

"ती माझी नाही," मी म्हटलं.

अठराची चौकट काळी झाली. मागे काहीच वाजलं नाही. पाऊल नाही, कपाटाचं दार नाही. नुसती खोली थोडी मोठी झाल्यासारखी वाटली. मग शेजारून, कितीतरी आठवड्यांनी, घोगरा झालेला आवाज आला.

"आई, माझा गुडघा दुखतोय. किती जोरात धरलायस!"

८

बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "सगळ्या वर्गासमोर बोललात. आता मला ती हजेरी पुसावीच लागेल." पुसली. मुंगीचं वर्ष गेलं.

"दोन मिनिटं गप्प राहिली असतीस तर?" हे दाराआडून म्हणाले.

"माझा नेम होता."

"तो नेम पहिल्या दिवशी कुठे गेला होता?"

मी उठून त्यांचं ताट दारापाशी सरकवलं. सासूबाई मात्र म्हणाल्या, "जाऊ दे रे. वर्ष परत मिळतं." त्यांना किती कळलं होतं, मी कधी विचारलं नाही. कपाट त्यांनीच भंगारवाल्याला देऊन टाकायला लावलं. पाय डुगडुगतात म्हणाल्या.

मुंगी हळूहळू बोलू लागली. आधी शेजारणीच्या मांजराशी, मग आमच्याशी. साथ ओसरली, हे घरात आले, चार ताटं मांडली की चार भरू लागली. शाळा उघडली. मुंगी पुन्हा चौथीत, नव्या पटावर सात नंबर.

पहिल्या दिवशी मी तिला वर्गात सोडून व्हरांड्यात जरा रेंगाळले. "सात?" "हजर, बाई!" असा तिचा आवाज भिंती हलवणारा. माझे डोळे भरून आले. शेजारच्या पाचवीच्या वर्गातही हजेरी चालली होती. सोळा, सतरा. अठरा. कुणीतरी हजर म्हणालं. प्रत्येक वर्गात अठरा नंबर असतोच की. मी डोळे पुसले आणि चालू लागले.

दुपारी न्यायला गेले तेव्हा मुंगी सगळ्यांच्या शेवटी बाहेर आली. नव्या मैत्रिणीशी भांडण अर्धवट राहिलं होतं. फाटकावरचा शिपाई कुलूप हातात घेऊन उभा होता.

"दोघी आल्या ना तुमच्या?" तो म्हणाला. "मग लावतो फाटक."

"माझी एकच," मी म्हटलं.

"असं?" त्याने माझ्या मागे पाहिलं, मग कुलपाकडे पाहिलं, आणि उगाचच बराच वेळ कडी घासत बसला.

माझा नेम तेव्हा संपला होता, पण सवय राहिली होती. मी खरं तेच बोलले, असं वाटेत तीनदा स्वतःला सांगितलं. उजव्या हातात मुंगीचा हात होता. डावा मी पिशवीच्या बंदात मनगटापर्यंत गुंतवून घेतला होता.

गोष्ट सुरू झाली. वर्गात काय झालं, बाकावर कोण बसलं, कुणी कुणाची पेन्सिल लपवली, कुणाला जागाच नव्हती म्हणून ते दिवसभर दाराशी उभं राहिलं. किती दिवसांनी ऐकत होते मी हा पाझर! "हं," म्हणत होते, "मग?" म्हणत होते, "अगं बाई, असं?" म्हणत होते. रस्ता उन्हाचा होता, माणसं पुन्हा दुकानांतून उभी होती, आणि मी सुखाने हुंकार देत चालले होते.

वळणावर सहज बघितलं. मुंगी पाण्याची बाटली तोंडाला लावून घटाघट पाणी पीत होती. गोष्ट चालूच होती.

"...आणि मग काय झालं सांगू, आई?"

ओठांवर आलेला हुंकार मी गिळला. मुंगीचा हात घट्ट धरला, आणि घर येईपर्यंत कुणालाच काही उत्तर दिलं नाही.